मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके

युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९६९ साली बेल लॅब्जमध्ये आकाराला आली, पण पहिली दोन वर्षे तिला लिखित माहितीचा आधार नव्हता. वापरणारे मोजके होते आणि घडवणारे हाकेच्या अंतरावर, म्हणून ते चालून गेले. अखेर डग्लस मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला आणि ती घडवणाऱ्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी माहितीपुस्तक लिहिले. त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक कमांडचे नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि शेवटाकडे ‘बग्ज’ असा मथळा, ही त्याची मांडणी. त्या मथळ्याखाली प्रोग्राममधले दोष उघडपणे नोंदवले जात. विकाऊ मालाच्या पुस्तिकेत असा प्रांजळपणा सहसा आढळत नाही. एकेका कमांडच्या अशा माहितीपानाला ‘मॅन पेज’ म्हणतात; त्याची मांडणी आजही बरीचशी हीच आहे.

युनिक्ससारखीच, पण कुणालाही वापरता, बदलता व वाटता येईल अशी मुक्त प्रणाली घडवण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यात माहितीपुस्तक हा सॉफ्टवेअरचाच भाग मानला गेला. त्यासाठी ‘टेक्सइन्फो’ तयार झाले: मजकूर एकदाच लिहायचा, त्यातून छापील पुस्तकही निघते आणि पडद्यावर वाचायची ‘इन्फो’ आवृत्तीही. ग्नूच्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या छापील पुस्तकाच्या विक्रीतून प्रकल्पामागच्या संस्थेला थोडे उत्पन्नही मिळे. मात्र ‘मॅन’ आणि ‘इन्फो’ अशा दोन वाटा झाल्याने नवख्यांचा गोंधळ वाढला, हेही खरे.

पुढे वेगळीच अडचण आली. पर्लसारख्या मुक्त प्रोग्रामिंग भाषेवरची चांगली पुस्तके स्वतः मुक्त नव्हती. प्रोग्राम बदलण्याची मुभा असून पुस्तक बदलता येत नसेल, तर सुधारित प्रोग्रामसोबत चुकीची माहिती फिरत राहते. स्टॉलमन यांचा युक्तिवाद हाच होता, आणि तो पटण्यासारखा आहे. यातूनच मार्च २००० मध्ये ग्नूचा दस्तऐवजांसाठीचा परवाना निघाला. पण त्यात काही भाग ‘अपरिवर्तनीय’ ठेवण्याची सोय होती. २००६ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा संच वाटणाऱ्या डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून ठरवले की असे भाग असलेला मजकूर मुक्त धरता येणार नाही. परिणामी ईमॅक्सचे माहितीपुस्तक डेबियनच्या ‘अमुक्त’ विभागात गेले. स्वातंत्र्याचा सर्वात कडवा पुरस्कर्ताच असा कात्रीत सापडला.

लिनक्स या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाच्या बाजूला १९९०च्या दशकात स्वयंसेवकांनी ‘हाउटू’, म्हणजे एखादे काम कसे करायचे ते सांगणाऱ्या लेखांचा मोठा साठा उभा केला. सॉफ्टवेअर पुढे सरकले आणि त्यातले कित्येक लेख शिळे झाले. याउलट, माहितीतली चूक हा प्रोग्राममधल्या दोषाइतकाच गंभीर दोष, अशी शिस्त युनिक्सच्या घराण्यातल्या ओपनबीएसडी या मुक्त प्रकल्पाने पाळली. त्याची मॅन पेजेस नावाजली जातात ती त्यामुळेच. अन्यत्र कोड लिहिणाऱ्याला जो मान मिळतो, तो माहिती लिहिणाऱ्याला क्वचितच मिळतो. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या २०१७च्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट माहितीची तक्रार केली. योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के मात्र माहितीलेखनाकडे क्वचितच किंवा कधीच वळत नव्हते.

माहिती भारतीय भाषांत पोचवण्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिब्रेऑफिस, सायलॅब यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले. त्यांतला आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो, पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीच राहतात.