फोर-बाय-फोर गाडीचे तेल : एक नव्हे, पाच

'गाडीचे ऑइल बदलले' हे एकवचन साध्या मोटारीला शोभते. चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीला ते पुरत नाही. मारुती जिप्सीसारख्या गाडीत तेलाची पाच घरे असतात : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून अलग बसवलेला असून एका आखूड शाफ्टने त्याला जोडलेला असतो, त्यामुळे ही पाच घरे वेगवेगळी मोजता येतात. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बहुधा पहिल्याचेच तेल बदलले जाते. उरलेल्या चारांची आठवण आवाज येऊ लागल्यावर होते. तेल घरी बदलण्याचा खरा लाभ मजुरी वाचण्यात नाही. आतून काय बाहेर पडले ते मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, हा तो लाभ.

गोव्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण येथील वाट पाण्यातून जाते. कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जिपांना अभयारण्यातील ओहोळ ओलांडावे लागतात. हौशी चालक भर पावसात चिखल शोधत हिंडतात. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा २०१४ साली गोव्यात आली तीही येथील पावसाच्या भरवशावर.

पाणी तेलात शिरते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. तासभर चाललेल्या गाडीचा डिफरन्शियल तापलेला असतो आणि आतील हवा प्रसरण पावलेली असते. तो थंड प्रवाहात बुडाला की हवा झपाट्याने आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ही ओढ शमवण्यासाठी ॲक्सलवर ब्रीदर नावाची लहानशी नळी असते. ती बुडालेली किंवा चिखलाने बुजलेली असेल, तर पाणी तिच्यातून किंवा जीर्ण ऑइल सीलमधून आत जाते. पुढचे काम दातेरी चाके करतात. ती तेल आणि पाणी घुसळून ताकासारखे दुधाळ मिश्रण बनवतात. त्यात वंगणाचे बळ उरत नाही, बेअरिंगवर गंज धरतो आणि काही महिन्यांनी विशिष्ट वेगाला घरघर ऐकू येऊ लागते. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गाडी गेली असेल, तर ती रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी, ती हलवण्यापूर्वी, डिफरन्शियलचा खालचा प्लग किंचित सैल करून पाहावा. मोकळे पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेले असते. ते आधी गळते. तेल दुधाळ दिसले तर किलोमीटरचा हिशेब न पाहता ते बदलावे. ब्रीदरची नळी लांब करून बॉनेटखाली उंचावर नेणे हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

डिफरन्शियल, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्याबाबत एक नियम कधीही मोडू नये : तेल काढण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडून पाहावा. तो गंजून अडकला असेल आणि खालचा आधीच मोकळा केला असेल, तर तेलाविना गाडी अंगणात अडकून पडते. भरताना हातपंप लागतो. बाजूच्या छिद्राच्या कडेशी तेल येऊन ओघळू लागले की भरणे पुरे झाले. खालच्या प्लगला बहुधा चुंबक असते. त्यावरचा बारीक राखाडी लेप ही नेहमीची झीज. टोचणारे तुकडे सापडले तर मिस्त्रीला बोलवावे. तेलाच्या जातीकडेही लक्ष हवे. जीएल-५ दर्जाचे तेल डिफरन्शियलला योग्य असले, तरी जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समधील पितळी भागांना ते बाधू शकते.

इंजिनाचे काम त्यामानाने सोपे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना अडसर लावावा. या गाड्या उंच असल्याने पुष्कळदा जॅक लागत नाही. लागलाच, तर केवळ जॅकच्या आधाराने गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल गाळासह चटकन वाहते, उकळते तेल हात भाजते. फिल्टर काढल्यावर जुने रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन कडी एकावर एक बसली, तर सुरू करताच तेल कारंज्यासारखे उडते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा, पान्याने नव्हे. प्लगचा वॉशर नवा घालावा. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नये, जास्त तेलाला फेस येतो. शेवटी इंजिन मिनिटभर चालवून गळती पाहावी आणि थोड्या वेळाने पातळी पुन्हा मोजावी.

डिझेल इंजिनातील तेल काही दिवसांत काळे होते. ती काजळी आहे, बिघाड नव्हे. मात्र इंजिनाचेही तेल दुधाळ दिसले तर तत्काळ थांबावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांतील, धूर गाळणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राखेचे तेलच लागते. जुन्या सवयीने कोणतेही १५डब्ल्यू-४० ओतल्यास तो महागडा फिल्टर लवकर तुंबतो. धूळ, पाणी आणि संथ चढ यांत राबणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत कठीण वापराची वेगळी, कमी मुदत दिलेली असते, तीच धरावी. वॉरंटी शिल्लक असेल, तर घरच्या कामाआधी तिच्या अटी वाचाव्यात.

निघालेल्या तेलाचा प्रश्न घरोघरी दुर्लक्षिला जातो. कुंपणाच्या खांबांना वाळवीविरुद्ध जळके तेल फासण्याची रीत जुनी आहे, पण त्यात कर्करोगकारक संयुगे असतात. ते काढताना हातमोजे घालावेत ते याचसाठी. जांभा दगड सच्छिद्र. अंगणात ओतलेले तेल पावसाबरोबर विहिरीची वाट धरते. एका वेळच्या बदलातील तेल १० लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि त्याची जागा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात आहे. घरच्या माणसाने ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी वा पेट्रोल न मिसळता साठवावे आणि असे तेल अधिकृतपणे उचलू देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पोहोचवावे. नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे. धड डब्यांत भेसळीचे तेल भरून ते पुन्हा दुकानात येते.