चमकणारा मासा आणि चोर बीटी

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या दिवाळीत मुलीच्या हट्टापायी घरात फिशटँक आला. बाहेरगावच्या एका दुकानातून घेतला. दुकानदाराने निळा दिवा लावला आणि टाकीतले मासे एकदम पेटल्यासारखे झाले. कुणी हिरवा, कुणी गुलाबी, कुणी नारंगी. मी विचारलं, "रंग टोचलाय का यांना?" तो म्हणाला, "नाही सर, जन्मतःच असे आहेत. कलर कधी जाणार नाही, गॅरंटी." सात मासे घेतले. वीस वर्षं बीटीच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला 'जन्मतःच असे' याचा अर्थ तिथे उभ्या उभ्या कळायला हवा होता. कळला नाही.

मे महिन्यात लग्नासाठी आठ दिवस बाहेर जायचं होतं. शेजारचे काका म्हणाले, धरणात सोडून दे, मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल. मुलीलाही पटलं. बापलेक कॅन घेऊन पूसच्या धरणावर गेलो. तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोई काकांनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पान्यात सोडलेलं परत हाती येत नाही. काय आहे ते तरी मालूम आहे का तुले?"

मालूम नव्हतं. कॅन घेऊन परत आलो. मग वाचायला बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

या माशाचं मूळ नाव झेब्रा मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे. आणि हा 'इम्पोर्टेड' मासा मूळचा आपलाच आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत, भाताच्या बांधांत तो राहतो. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेले फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. त्यांनी गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८२२ साली छापला गेला. या माशाची शास्त्रीय नोंद त्यातली. पुढे तो शौकिनांच्या टाक्यांत गेला आणि तिथून प्रयोगशाळेत. त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, आतला जीव घडताना दिसतो. म्हणून शास्त्रज्ञांना तो फार सोयीचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

१९९९ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात गाँग झियुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाच्या अंड्यात समुद्रातल्या जेलीफिशचं एक जनुक घातलं. मासा हिरवा चमकू लागला. पुढे प्रवाळाच्या जनुकापासून लाल रंगही आला. हेतू चांगला होता: पाण्यात विषारी द्रव्य आलं की मासा चमकावा आणि प्रदूषण कळावं. पण चमकणारा मासा पाहून व्यापाऱ्यांना वेगळीच कल्पना सुचली. अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका कंपनीने हक्क घेतले, 'ग्लोफिश' नाव दिलं आणि २००३ च्या शेवटी बाजारात यायची तयारी केली. इकडे तैवानमध्येही एका कंपनीने चमकणारे मासे विकायला काढले होते.

आता नीट पाहा, त्या वेळी कुणी काय ठरवलं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००३ मध्ये सांगितलं की आम्ही यात पडणार नाही. कारणं दोन. हा मासा कुणी खात नाही. आणि साधा झेब्रा मासा अमेरिकेत वर्षानुवर्षं विकला जातोय, त्याच्यापेक्षा हा जास्त धोकादायक असल्याचा पुरावा नाही.

त्याच महिन्यात कॅलिफोर्निया राज्याच्या मत्स्य आयोगाने मात्र तीन विरुद्ध एक मतांनी परवानगी नाकारली. गंमत म्हणजे त्यांच्यापुढे आलेल्या तज्ज्ञांचं मत 'धोका कमी' असंच होतं. तरी बहुमताचं म्हणणं होतं की जिवाच्या मुळाशी हात घालण्याची ताकद माणसाला मिळाली असेल, पण ती नुसत्या शोभेसाठी वापरावी का? तो निर्णय शास्त्राचा नव्हता, नीतीचा होता. बारा वर्षांनी, २०१५ मध्ये, तिथेही दार उघडलं. युरोपीय संघात आजही परवानगी नाही. तरी २००६ मध्ये नेदरलँड्सच्या दुकानांत हे मासे सापडलेच. २०१७ मध्ये हा ब्रँड पाच कोटी डॉलरला विकला गेला.

पाच कोटी डॉलर. मासा आपल्या ओढ्यातला, जनुक समुद्रातलं, मालक भलताच. आणि त्या कंपनीची अट अशी की विकत घेतलेल्या माशाची पैदास करून पिल्लं विकायची नाहीत. बियाण्याच्या पाकिटावरचा बारीक मजकूर ज्यांनी वाचलाय, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

आता आपल्याकडे येऊ.

भारतात पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि त्याखालचे जनुकबदल केलेल्या जिवांचे नियम १९८९ चे. हे नियम नुसत्या कापसा-वांग्यापुरते नाहीत. असा कुठलाही जीव बनवायचा, आणायचा, विकायचा, तर आधी केंद्राची परवानगी. चमकणाऱ्या माशाला ती मिळालेली नाही. म्हणजे माझ्या घरातले सातही मासे बेकायदेशीर.

हाच कायदा यवतमाळ जिल्ह्याला चांगला पाठ आहे. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस सापडला. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटीच्या तीन वाणांना मान्यता दिली. बघता बघता देशी कपाशी गेली. मग गुलाबी बोंडअळी बीटीलाही पचवू लागली. २०१७ चा हंगाम आपण विसरलो नाही. फवारणी करता करता जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्या काळात दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून मी बातम्या दिल्यात. नंतर तणनाशक सहन करणारं विनापरवाना बियाणं आलं, ज्याला आपण 'चोर बीटी' म्हणतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघड पेरून सत्याग्रह केला. गुन्हे दाखल झाले. त्या वेळी या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता.

चोर बीटी बरोबर की चूक, यावर आपल्यात मतभेद आहेत, ते राहू द्या. माझा मुद्दा साधा आहे. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून चोर बीटी लावणाऱ्याच्या बांधावर कृषी खात्याचं पथक येतं. आणि त्याच कायद्याने मना असलेला जीव शहरात निळ्या दिव्याखाली, बिलासकट विकला जातो, तर कुणी विचारत नाही. पोटासाठी केलेलं चोरी, शोभेसाठी केलेलं शौक!

आता कुणी म्हणेल, भाऊ, टाकीतल्या माशाने कुणाचं काय बिघडतं? रास्त प्रश्न आहे.

माशाच्या त्रासाचं आधी पाहू. इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. जनुक एकदाच अंड्यात घातलं जातं, पुढच्या पिढ्या रंग घेऊनच जन्मतात. सुई टोचून रंगवलेल्या माशांची गोष्ट यापेक्षा वाईट. काचमासा नावाचा आपलाच एक आरपार दिसणारा मासा आहे, त्याचीही नोंद हॅमिल्टन साहेबांच्या त्याच ग्रंथातली. त्याला सुईने रंग टोचून विकतात. रंग काही महिन्यांत उडतो, कित्येक मासे त्याआधीच मरतात. त्याच्याशी तुलना केली तर चमकणारा मासा सुखी म्हणावा लागेल.

मग पाण्याचं. अमेरिकेत एका प्रयोगात साधे आणि चमकणारे मासे एकत्र ठेवले. साधे नर जास्त आक्रमक निघाले आणि पंधराएक पिढ्यांत चमक जवळपास संपली. हा अभ्यास २०१५ चा. म्हणजे काळजी नको? पण ब्राझीलमध्ये उलट झालं. तिथे २०१७ मध्ये विक्रीला बंदी आली, तरी मत्स्यपालनाच्या तळ्यांतून निसटलेले चमकणारे मासे ओढ्यांत राहताना आणि अंडी घालताना आढळले. तो अभ्यास २०२२ चा.

आणि एक गोष्ट मला कुठेच ठळकपणे लिहिलेली दिसली नाही. अमेरिकेने दार उघडलं, कारण तो मासा त्यांचा नव्हता. उबदार पाण्यातला जीव, थंडीत बहुतेक ठिकाणी मरणार. भारतात हा हिशेब उलटा होतो. पाणी उबदार, ओढे ओळखीचे आणि पाण्यात त्याचेच सख्खे भाऊबंद. त्यांचा निकाल आपल्याला लागू पडत नाही. इथला निकाल इथेच लागायला हवा, आणि इथे तर कुणी खटलाच उभा केलेला नाही.

पाण्यात सोडलेलं परत येत नाही, हे भोई काकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. डासांसाठी आपण डबक्यात गप्पी सोडतो, तो दक्षिण अमेरिकेचा. थाई मागूरवर बंदी आहे, २०१९ मध्ये हरित लवादाने साठे नष्ट करायला लावले, तरी तो बाजारात दिसतोच. टाकीची काच साफ करणारा सकर मासा शौकिनांनी कंटाळून सोडला आणि आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो. त्याला गिऱ्हाईक नाही, वर खवल्यांनी जाळं फाडतो. पूस खाली हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. मी त्या दिवशी कॅन उपडा केला असता, तर त्याचा हिशेब कोणत्या गावापर्यंत गेला असता, कोण सांगणार? त्या पाण्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांना कुणी विचारलं असतं?

२०१० मध्ये बीटी वांग्यावर निर्णय घेण्याआधी जयराम रमेश यांनी जनसुनावण्या घेतल्या होत्या. एक नागपूरलाही झाली. गोंधळ झाला, भांडणं झाली, पण विचारलं तर होतं. चमकणाऱ्या माशाबाबत कुणी कुणालाच विचारलं नाही. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले, व्यापाऱ्यांनी विरोध केला, नियम मागे घेतले गेले.

मुलीने विचारलं, "बाबा, मग आता यांना मारायचं का?" मी नाही म्हटलं. त्यांचा काय गुन्हा? जगतील तेवढं जगतील, पिल्लं वाढवायची नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, पाण्यात तर बिलकूल सोडायचे नाहीत. सातातले पाच उरलेत. आम्ही निळा दिवा काढून टाकला. साध्या उजेडात रंग तेवढा भडक वाटत नाही आणि पाहुणे विचारत नाहीत. मुलगी मात्र विचारते, "दिवा काढला म्हणजे आपण लपवतोय का, बाबा?"

म्हणून ही पोस्ट.

तुमच्याकडे असे मासे असतील तर लाजू नका, मीही आणलेत. फक्त नदी, नाला, धरण, विहीर, कुठेही सोडू नका. पुण्य म्हणूनसुद्धा नाही. दुकानात दिसले तर दुकानदाराला शांतपणे विचारा, परवानगी आहे का. त्यालाही बहुतेक माहीत नसेल. आणि आपल्या भागातल्या ओढ्यात कुणाला असा रंगीत मासा जाळ्यात सापडला असेल, तर मला जरूर कळवा. फोटो असेल तर उत्तम. बातमी करू, नाव छापणार नाही.