मध्यावरची चूल

डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याच्यापुढे १४६८ साली जी अडचण उभी राहिली, ती आपल्याकडच्या कोणत्याही वधूपित्याला चटकन समजेल. कन्या मार्गारेट हिचे लग्न स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सशी ठरलेले, हुंडा ६०,००० फ्लोरिन, आणि तिजोरीत खडखडाट! तेव्हा ५०,००० फ्लोरिनांपोटी त्याने आपली ऑर्कनी बेटे जावयाकडे गहाण टाकली. ते गहाण सुटले नाही. बेटे स्कॉटलंडची झाली, तिथली नॉर्स बोलीही कालांतराने बुजली. पण शेतांची नावे राहिली. कर्बस्टर हे त्यांतलेच एक. त्यातले 'बस्टर' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतली शेतवाडी.

ॲबर्डीनला नोकरीस असलेल्या पुतण्याने मे महिन्याच्या सुटीत आम्हां उभयतांना बोलावून घेतले, म्हणून हे घर पाहण्याचा योग आला. स्क्रॅब्स्टरहून बोटीने दीड तासात स्ट्रॉमनेस बंदर, आणि तिथून मोटारीने बर्सी. पुतण्याला आम्हांला अर्लचा राजवाडा दाखवायचा होता. सोळाव्या शतकात मेरी राणीच्या सावत्र भावाने बांधलेल्या त्या वाड्याच्या आज भिंती तेवढ्या उभ्या आहेत. कर्बस्टरच्या शेतकऱ्याचे घर मात्र १९६१ पर्यंत नांदते होते. १९८६ साली त्याचे संग्रहालय झाले. अशा तऱ्हेचे, मोडतोड न होता उरलेले उत्तर युरोपातले हे शेवटचे घर समजतात.

घर ठेंगणे, दगडी. आत शिरताच डोळ्यांसमोर अंधारी आली आणि नाकात धूर शिरला. या घरात चूल भिंतीशी नाही, ती खोलीच्या मध्यावर आहे! जमिनीवर विस्तव, त्याच्या मागे पाठीसारखी एक बुटकी दगडी भिंत, आणि वर छपराला भोक. भोकावर एक फळी असते. वारा फिरेल तशी ती खालून काठीने फिरवायची, म्हणजे धूर बाहेर जातो. निदान जावा अशी अपेक्षा! जळण म्हणजे पीट, दलदलीतली कुजकी काळी माती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि वर्षभर जाळायच्या. झाडे जवळजवळ नाहीतच, तेव्हा लाकूड जाळायला नाही आणि बिछान्यालाही नाही. म्हणून भिंतीच्या कोनाड्यात उभ्या फरशा लावून दगडाचा पलंग केलेला. खुर्च्यांची पाठही ओटच्या काडाची विणलेली, वाऱ्याला आड येईल अशी उंच.

हा पलंग पाहून मी थबकलो, कारण तसाच एक नुकताच पाहून आलो होतो. इथून काही मैलांवर समुद्रकाठी स्कारा ब्रे नावाची वस्ती आहे. १८५० च्या वादळात वाळू उडून गेली आणि ती उघडी पडली. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची ती घरे. प्रत्येकात मध्यभागी चूल आणि कडेला फरशांचे पलंग! मधल्या काळातला धागा अखंड होता असे मी म्हणणार नाही; तोच दगड आणि तोच वारा असला की माणसाला तीच युक्ती सुचत असेल. तरीही अंगावर काटा आला खरा.

पण मला खरे कोडे पडले ते शेजारच्या खोलीत. तिथे भिंतीत बसवलेली रीतसर शेगडी, वर धुराडे, सारा एकोणिसाव्या शतकातला थाट. आपला दिवाणखानाच म्हणा! म्हणजे या मंडळींना धुराडे ठाऊक होते, परवडतही होते. पाहुण्यांसाठी ते बांधले, आणि स्वतः मात्र धुरात बसली. का? मला वाटते, चूल भिंतीत गेली की भोवतालचे वर्तुळ मोडून अर्धे होते. म्हातारे, गडी, पोरे, कुत्रे, सर्वांना सारखी ऊब मिळायची तर विस्तव मध्येच हवा. हिवाळ्यात जेमतेम सहा तास उजेड असणाऱ्या मुलखात ही बाब लहान नव्हे. शिवाय त्याच धुरावर आढ्याला टांगलेले मासे आणि मांस टिकत असे.

माझे हे पांडित्य सौ. मुकाट्याने ऐकत होती. पदराने डोळे टिपत म्हणाली, "अहो, बसणाऱ्यांचं झालं. फुंकणारीचं काय?"

मी गप्प झालो. माझ्या आईचे डोळे मला आठवले. भाकरीच्या वेळी लाल झालेले ते डोळे आम्ही भावंडे रोज पाहत होतो, आणि त्यात विचारण्यासारखे काही आहे असे आम्हां कोणालाच वाटले नव्हते. १९६१ साली इथला शेवटचा रहिवासी गेला, त्यानंतर या घरात कोणी बिऱ्हाड मांडले नाही. आम्ही प्रेक्षक दहा मिनिटे उभे राहून "किती छान, किती उबदार!" म्हणतो आणि हवेला बाहेर येतो.

राखणदार बाई विस्तवात पीटची वीट सारीत होत्या. सौ.ने पुतण्याकरवी त्यांना विचारले, पूर्वी रात्री विस्तव कसा राखीत? बाईंनी तळवा पालथा करून, मऊ काहीतरी पसरल्यासारखा हवेत फिरवला. पुतण्या भाषांतर करणार, तोच सौ. म्हणाली, "कळलं रे. राखेखाली."

मग त्या दोघी, एकमेकींची भाषा येत नसताना, चुलीपाशी बराच वेळ बसल्या. पुतण्या दोनदा घड्याळ पाहून बाहेर गेला.