तळटीप १४ : खमीर

१४. खमीर : पीठ आंबवून फुगविणारे किण्व, आणि लक्षणेने त्या योगे फुगून आलेले पीठही. मूळ मजकुरातील उस्तादाने ‘खमीर अजून आले नाही’ म्हणून पाव भट्टीत घालण्यास जी मनाई केली, ती या दुसऱ्या अर्थाने. मूळ शब्द अरबी असून फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने तो मराठीत दाखल झाला. त्याचा ‘ख-म-र’ हा धातू ‘झाकणे, आच्छादणे’ या अर्थाचा असून मद्यवाचक ‘खम्र’ आणि स्त्रियांच्या शिरोवस्त्राचे ‘खिमार’ हे नाव ही त्याचीच सगोत्र रूपे होत. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली उबेत ठेवला असता किण्वपेशी पिठातील शर्करेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करतात, आणि गव्हातील चिवट ग्लुटेनच्या जाळ्यात तो वायू अडकल्यामुळे गोळा फुगतो. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा सावकाश व अर्धवटच भरून आला, म्हणजे तो भाजण्याजोगा झाला असे समजतात. किण्वन हे सजीव पेशींचे कार्य होय, हे लुई पाश्चर याने १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी प्रतिपादिले. परंतु आदल्या दिवशीच्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा नव्या पिठात मिसळण्याचा परिपाठ त्याच्या कितीतरी शतके आधीपासून चालत आलेला होता. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ फुगविण्याचे हेच काम माडाच्या सुरेकडून करून घेतले; ‘पाव’ हा शब्दही मुळात पोर्तुगीजच.