रविवार कोणी आणला?

भगिनींनो, दुपारी जरा पाठ टेकली की आम्हां बायकांना आळशी म्हणतात. पण पुरुषमंडळी ज्या रविवारी उशिरापर्यंत लोळतात, तो आला कुठून? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी सुटी मान्य केली.

म्हणजे रविवारच्या लोळण्यात बायकांचाही वाटा आहे. स्वयंपाकघराला मात्र अजून रविवार ठाऊक नाही! तेव्हा माझी सूचना एवढीच, की रविवारी दुपारचा चहा घरातल्या इतरांनी करावा आणि आपण तो पडल्यापडल्या मागवावा.