सुप्यात जळालेले कागद

इतिहास कंटाळवाणा वाटतो असं म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. शाळेत वाट्याला येतात सनावळ्या, तहाची कलमं आणि 'कारणे व परिणाम लिहा'. पेपर झाला की पाटी कोरी. मोठेपणी जो इतिहास मिळतो तो मोबाईलवर फॉरवर्ड होऊन येतो. त्यात एक तर आपला जयजयकार असतो, नाहीतर दुसऱ्याला शिव्या. दोन्हींत प्रश्न विचारायला जागाच नसते. माझ्या मते खरा कंटाळा तिथून येतो. सनावळ्या बिचाऱ्या उगाच बदनाम झाल्या.

आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे घ्या. (पारनेरचं सुपे वेगळं.) शिवरायांनी सुप्याच्या संभाजी मोहिते मामांना कसं कैद केलं ते इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. असावंच. पण त्याच सुप्यात १२ मे १८७५ ला काय झालं, हे विचारलं तर बहुतेकजण एकमेकांकडे बघतात.

त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, पेठेचं गाव, सावकार-दुकानदार बरेच. जमावाने दुकानं फोडली, धान्य लुटलं, काही घरांना आगी लावल्या. पण लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा, एवढीच मागणी. कागद हातात आले की जाळायचे. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं, नऊशेवर लोकांना अटक झाली. सरकारी चौकशीतच नोंद आहे की ज्या सावकाराने मुकाट्याने रोखे दिले, त्याला बहुतेक ठिकाणी फारसा त्रास झाला नाही.

आता इथे थांबा आणि एकच प्रश्न विचारा. उपाशी माणूस धान्य लुटतो, हे समजतं. पण ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते कागदाच्या मागे का लागले?

उत्तर शोधायला निघालं की सनावळ्या आपोआप कामाला लागतात.

१८५९ साली इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षंच चालेल, त्यानंतर त्यावर दावा लावता येणार नाही. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये म्हणून. सावकाराने काय केलं? तिसरं वर्ष संपत आलं की नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि जुन्या रोख्यावरचं मुद्दल अधिक व्याज हे नव्या रोख्याचं मुद्दल. हिशोब करून बघा. समजा १०० रुपये घेतले, दर महिना शेकडा दोन रुपये. तीन वर्षांनी झाले १७२. नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. सरळ व्याजाने नऊ वर्षांचे ३१६ झाले असते. आणि आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम लावला, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, तर सावकाराला २०० च्या वर मागता आलं नसतं. पण दर तीन वर्षांनी व्याजाचंच मुद्दल होत गेल्यावर दामदुप्पट मोजायची कशावर? शेतकऱ्याला वाचवायला केलेल्या कायद्याने शेतकऱ्याच्याच गळ्याभोवती दोर आवळला.

बरं, कर्ज एवढं वाढलं कसं? त्याचा एक धागा थेट अमेरिकेत जातो. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर, शेअरबाजाराचं वेड. तो पैसा सावकारामार्फत गावोगाव गेला, आणि भीमथडीसारख्या दुष्काळी पट्ट्यातही उधारी सहज मिळू लागली. १८६५ ला युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या भल्याभल्यांची दिवाळी निघाली आणि सावकाराने हात आखडला. नेमक्या याच वेळी पहिल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ ला इंदापुरापासून सारा वाढवायला सुरुवात झाली, कित्येक गावांत तो दीडपटीच्या पुढे गेला. म्हणजे भाव खाली, सारा वर, आणि कर्ज देणारा म्हणतोय आधीचं फेड.

पूर्वीही सावकार होता. पण तो गावात राहायचा, गावाला थोडा तरी धरून असायचा. आता त्याच्या मागे दिवाणी कोर्ट आलं. शेतकऱ्याला बहुतेकदा दावा लागल्याचंच कळायचं नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जप्ती दारात. कोर्ट फक्त कागद बघणार. रोख्यावर ५०९ आहे ना, अंगठा आहे ना, मग संपलं. म्हणून माणसं कागदावर तुटून पडली. आपल्याला काय खातंय ते त्यांना बरोबर कळलं होतं, अक्षर ओळख नसताना.

एक धोक्याची सूचना इथेच देतो, कारण हा भाग उचलून कुणीतरी जातीवर जाणार. दंगलीत मारवाडी आणि गुजर सावकार लक्ष्य झाले, ही गोष्ट खरी. पण सावकारी फक्त त्यांचीच नव्हती, स्थानिक ब्राह्मण सावकारही होते, आणि सारा वाढवणारं सरकार तर या सगळ्यांच्या वर बसलेलं. सरकारला मात्र 'सावकार विरुद्ध कुणबी' ही गोष्ट सोयीची होती. चौकशी आयोगाचा भर सावकारीवर राहिला. वाढीव साऱ्याकडे बोट दाखवलं ते आयोगातल्याच ऑकलंड कॉल्विन यांनी, स्वतंत्र टिपण लिहून. पुढे १९७२ साली नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने तर या दंगलीचा बाऊ फार झाला, प्रत्यक्षात ती लहान होती, असा लेखच लिहिला. मला ते पूर्ण पटत नाही. आकाराने लहान असलेल्या गोष्टीने कायदा बदलायला लावला, हे कसं विसरायचं? पण असं भांडण वाचायला मजा येते, आणि फॉरवर्डमध्ये ते कधीच सापडत नाही.

कायदा आला १८७९ ला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. न्यायाधीशाने रोख्यावरचा शेवटचा आकडा खरा धरायचा नाही. दोघांमधला व्यवहार जिथे सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं, मुळात किती घेतलं, किती फेडलं, कधी काय चढवलं, ते सगळं उलगडायचं आणि मग निकाल द्यायचा. या व्यवहाराचा 'इतिहास' तपासा, असा शब्द त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरातच आहे, मी घुसडलेला नाही. इतिहास कशाला शिकायचा याचं यापेक्षा रोखठोक उत्तर मला तरी माहीत नाही. समोर ठेवलेला शेवटचा आकडा मुकाट मानायचा, की मागची पानं उघडून दाखवा म्हणायचं, एवढाच प्रश्न आहे. ज्याला मागची पानं वाचता येत नाहीत, त्याला ५०९ भरावे लागतात. जोतिरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सगळी आग विद्येवर ओतली ती उगाच नाही.

गोष्ट इथे गोड होत नाही. गहाणखत कोर्टात टिकत नाही म्हटल्यावर सावकार थेट खरेदीखत करून घेऊ लागले. तोंडी वचन द्यायचं, पैसे फिटले की जमीन परत नावावर करतो. ओळखीचं वाटतंय? वाटणारच. आजही अडलेल्या माणसाला हेच सांगितलं जातं, याच शब्दांत. म्हणून तर २०१४ च्या सावकारी कायद्यात सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळण्याची वाट ठेवावी लागली, आणि व्याज मुद्दलाच्या वर नाही हा दामदुपटीचा नियमही त्यात आहे. ज्याला १८७९ नंतरचं माहीत आहे तो खरेदीखतावर सही करताना दोनदा विचार करेल.

आता 'गोडी कशी लावायची' याबद्दल. मोठमोठे ग्रंथ नंतर. आधी घरातला सातबारा काढा, मग जुने फेरफार. 'इतर हक्क' रकान्यात कुणाचं नाव होतं, कधी उडालं? कुळाचं नाव असेल तर १ एप्रिल १९५७ ला काय झालं ते वाचावंच लागेल. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला असेल तर १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्याशी गाठ पडेल. तगाई दिसली तर आजोबांना विचारा कुठल्या दुष्काळात घेतली. ते तासभर बोलतील, आणि तुम्ही घड्याळ बघणार नाही. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने अभिलेख आता ऑनलाइन मिळतात. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियरही नेटवर आहे, त्यात आपलं गाव शोधा.

एक विनंती मात्र मनापासून. माळ्यावरची मोडीतली कागदं वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. कुणाकडे वाटण्या असतील, कुणाकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे रोखे. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, सरावाने काही महिन्यांत वाचता येतं. दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती, श्रीगोंदा भागात कुणाच्या घरी त्या काळातला रोखा सापडला तर माणसांची नावं झाकून फोटो इथे टाका. आपल्यात मोडी वाचणारे चार-पाच जण आहेत. मुद्दल किती होतं ते बसून काढू.