पाटीवरचे जाड अक्षर

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक टाइपाने ग्रंथ सजले. परंतु १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर ही पहिली एस. टी. शिरूरवरून धावली. फलाटावरची किंवा मोटारीवरची पाटी दुरून, क्षणात वाचावी लागते. तिला जाड अक्षर हवे.

मात्र देवनागरीत जाडी वाढली की शिरोरेषेखालची पोकळी बुजते आणि शिरूरच्या ‘घोडनदी’चे ‘धोडनदी’ होते. अलीकडे ‘एक टाइप’ संस्थेने घडवलेल्या ‘मोदक’ या टाइपात ती पोकळी रेघेएवढीच उरली आहे, तरी अक्षर ओळखू येते. आमच्या मते अक्षराचे बळ या राखलेल्या पोकळीत आहे. नुकता वाचायला शिकलेला प्रवासी तिच्याच भरवशावर योग्य गाडीत बसतो.